निळसर गजरा

गंधाली सामंत घाटकोपरच्या त्या ऑफिसात आली तेव्हा तिचं रडून झालं होतं. आता फक्त राग उरला होता, आणि तो कुणावर काढायचा हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

“चोर कोण ते मला माहीत आहे,” खुर्चीत टेकण्याआधीच ती म्हणाली. “तुम्ही फक्त सिद्ध करून द्या.”

“मग पोलिसांकडे जा. तिथे फुकट होईल.” वसुधा टिपणीस लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत होत्या. “नितेश, बघ रे हे उघडतंय का.”

वसुधाताईंची उमेदीची वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हे खाजगी तपासाचं ऑफिस थाटलं. नितेश घाडी त्यांचा मदतनीस. गाडी चालवणं, फोन घेणं आणि बरण्या उघडणं ही त्याची कामं. गोष्ट डोक्यात शिरायला त्याला वेळ लागे, पण शिरली की घोरपडीसारखी चिकटून बसे.

“सांग आता,” वसुधाताई म्हणाल्या.

अंधेरीच्या एमआयडीसीत गंधालीचा फोटो स्टुडिओ होता. उत्तरा वागळे या साड्यांच्या व्यापारी बाईंनी झाडपाल्याच्या रंगांत रंगवलेल्या साड्या नव्याने काढल्या होत्या. कोनफळी, अबोली, शेवाळी, सगळे खपून खपून साधलेले रंग. कॅटलॉगचे फोटो गंधालीने काढले. साड्या बाजारात यायच्या आधीच ते फोटो साड्या विकणाऱ्या बायकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडले आणि दलाल नकली साड्यांच्या ऑर्डरी घेत फिरू लागले.

“उत्तराताई म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत चोराचं नाव द्या, नाहीतर तक्रार स्टुडिओवर करणार. तसं झालं ना, तर अंधेरीत मला कुणी पासपोर्टचा फोटोसुद्धा काढू देणार नाही.”

“आणि तुझा चोर?”

“अक्षता राणे. फोटोंची सफाई तीच करते. मूळ फाइल तिच्या कॉम्प्युटरवर असतात. तिची आई दहिसरला घरून साड्या विकते आणि नेमक्या त्याच ग्रुपवर आहे. अजून काय पाहिजे? मी तिला घरी बसवलंय.”

“तिला विचारलंस?”

“विचारून काय होणार? कबूल थोडीच करणार आहे!”

वसुधाताईंनी हात पुसले आणि फोटो मागितले. गंधालीने फोनवर आधी आपला फोटो दाखवला, मग ग्रुपवर फुटलेला. मॉडेल तीच, अबोली साडी तीच, केसांत मोगऱ्याचा गजरा तोच.

“आयशप्पथ!” नितेश वाकून म्हणाला. “ह्या बाईला इकडे काय झालंय? थंडीत काकडल्यासारखी दिसतेय. आणि गजऱ्याला नीळ लागलीये.”

“मागची भिंत मात्र पांढरीशुभ्र,” वसुधाताई म्हणाल्या. “तुझ्या फोटोत गजरा पांढरा आहे आणि मागचं सगळं जरा साईसारखं. शिवाय हा दुसरा फोटो मरगळलेला वाटतो. धुऊन धुऊन रंग उडाल्यासारखा.”

“चोरीचा माल आहे, ताई. ग्रुपवर फिरून फिरून रंगांची वाट लागतेच.” गंधालीने फोन उलटा ठेवला. तिला ते फोटो बघवतच नव्हते.

“ही पाठीवरची क्लिप? ती तुझ्या फोटोत नाही.”

“ब्लाउज सैल होता म्हणून लावलेली. सफाईत अक्षताने काढली. म्हणजे बघा, फुटलेला फोटो सफाईआधीचा आहे, मूळ फाइलमधला. म्हणूनच मी म्हणते ना.”

“त्या मूळ फाइल आणखी कुठे असतात?”

“स्टुडिओच्या कपाटात एका डिस्कवर. आणि एक प्रत बोरिवलीला सरांकडे. देवव्रत सर, माझे गुरू. एका छपराखाली सगळ्या प्रती ठेवू नयेत, हे त्यांनीच शिकवलं. पण ते सोडा.”

“सोडलं,” वसुधाताई म्हणाल्या. “आता मला एक शिकव. कॅमेऱ्याला रंग कसा कळतो?”

या बाईंना आपण फी देणार आहोत की यांची शिकवणी घेणार आहोत, असं गंधालीला वाटून गेलं. तरी तिने सांगितलं. पिवळ्या दिव्याखालीही पांढरा सदरा आपल्याला पांढराच दिसतो, कारण डोळा आपोआप सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते नेहमी जमतं असं नाही. त्याला सांगावं लागतं, बाबा, ही वस्तू बिनरंगाची आहे, हिच्यावरून बाकीचे रंग लाव. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. मूळ फाइल असेल तर हे नंतर कॉम्प्युटरवरही सांगता येतं. कर्सर त्या वस्तूवर न्यायचा आणि क्लिक करायचं.

“म्हणून पहिल्या फोटोत मी मॉडेलच्या हातात राखाडी कार्ड देते. त्याच्यावर क्लिक केलं की चूक होत नाही.”

“आणि भलत्याच वस्तूवर क्लिक केलं तर?”

“वस्तू पिवळट असली तर कॅमेरा ते पिवळं मारायला निळं ओततो, सगळ्या फोटोभर. पण इतकी ढ चूक आमच्यात कुणी करत नाही.”

दुपारी तिघं अंधेरीला पोचली तेव्हा स्टुडिओत प्रीतम दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. दिवे लावणं आणि पडदे टांगणं हे त्याचं काम. घाटकोपरला त्याचा चुलतभाऊ साड्यांच्या दुकानात होता, हे त्याने स्वतःहूनच सांगून टाकलं.

“पण मी त्याला फोटो दिले नाहीत, मॅडम. बाप्पाची शपथ. फाइलीबिइली मला काय कळतंय?”

“मागे नेहमी हाच कपडा असतो?” वसुधाताईंनी भिंतीवरच्या फिकट पडद्यावरून हात फिरवला.

“छे! नेहमी पांढऱ्या कागदाचा रोल असतो, सरांच्या काळापासून. शूटच्या सकाळी एसीचं पाणी गळून तो भिजला. मग हा मोतिया कपडा मीच टांगला. इस्त्री करता करता हात मोडला माझा. दिव्यात पांढराच वाटतो, पण नाहीये पांढरा.”

“पण मला तो आवडला,” दारातून आवाज आला. उत्तरा वागळे जाब विचारायला आल्या होत्या. “पांढऱ्यासमोर माझ्या साड्या दवाखान्यात दाखल झाल्यासारख्या दिसतात. मीच म्हटलं, हाच राहू दे. गंधाली, नाव मिळालं का?”

“उद्यापर्यंत देते, उत्तराताई.”

“तुमच्याकडे कोणते फोटो आले होते?” वसुधाताईंनी विचारलं.

“तयार झालेले. क्लिपबिप नव्हती त्यांत. आणि माझ्यावरच संशय असेल तर ऐका, प्रसिद्धीसाठी हा उद्योग करायचा असता तर मी चांगले फोटो फोडले असते.” उत्तराबाई आल्या तशा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दहिसरला गेली. नदीच्या बाजूच्या चाळीत अक्षताचं घर होतं. तिची आई सुगंधा साड्यांचे गठ्ठे बाजूला सारत म्हणाली, “येवा, बसा.” मग तिची नजर गंधालीवर गेली आणि ती तोंड फिरवून पाणी आणायला आत गेली. गंधाली उंबऱ्यातच उभी राहिली. पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

“ग्रुपवर तीनशे बायका आहेत,” अक्षता म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. “आईने ते फोटो पुढे पाठवलेसुद्धा नाहीत. तिनेच मला दाखवले आणि मीच ताईंना फोन केला. माझ्याकडूनच कळलं त्यांना.”

वसुधाताईंनी वळून गंधालीकडे पाहिलं. ही गोष्ट तिने सांगितली नव्हती.

“शहाणा चोर असंच करतो,” गंधाली पुटपुटली.

“फोटो बघून तुला काय वाटलं?” वसुधाताईंनी अक्षताला विचारलं.

“लाज वाटली. त्या मोतिया कपड्याच्या कडा साफ करण्यात माझा अख्खा आठवडा गेला. रंग बरोबर यावेत म्हणून प्रत्येक साडी खिडकीत नेऊन फोटोशी ताडून बघितली. आणि बाहेर गेलं काय, तर हे! असं काम केलं असतं तर ताईंनी मला पहिल्या दिवशीच हाकललं असतं.”

“मोबाइलसाठी फोटो कसे काढून देतेस?”

“एसआरजीबीत, मोबाइलला चालणाऱ्या रंगांत. सगळे तसेच देतात आता. कॉम्प्युटरवर तेच लावून ठेवलंय, दुसरं काही निघतच नाही.”

खाली आल्यावर नितेश म्हणाला, “मॅडम, पोरगी खरं बोलते.”

“तुला काय कळतंय?” गंधाली फटकन म्हणाली.

“आता जवळच आलोय तर तुझ्या सरांना भेटू,” वसुधाताई म्हणाल्या. “जाणकार माणूस आहे, काही सांगेल.”

बोरिवलीच्या त्या घरात पाऊल टाकलं आणि गंधालीचा जीव जरा निवला. कॅमेरा कसा धरायचा इथपासून क्लायंटला नाही कसं म्हणायचं इथपर्यंत सगळं तिला या माणसाने दिलं होतं. स्टुडिओसुद्धा आधी त्यांचाच. गुडघे गेले तसा त्यांनी तो तिच्या हाती सोपवला, आणि गेले कित्येक महिने तर ते तिकडे फिरकलेही नव्हते. भिंतीभर मासिकांची जुनी मुखपृष्ठं लावलेली होती. सर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून, नाक काचेला लावून काहीतरी बघत होते.

“मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणून किती वेळा सांगितलं, सर!”

“करू गं. पिकू दे अजून.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वाईट झालं पोरी. घरभेदी माणूस वाईटच. मी म्हटलं होतं ना, नव्या पोरांवर इतका विश्वास टाकू नकोस?”

गंधालीचे डोळे भरून आले.

“सर, मला अडाण्याला एक सांगा,” नितेशने वसुधाताईंनी पढवलेला प्रश्न विचारला. “फोटो मोबाइलवर मरगळलेला का दिसतो?”

सर खुलले. शिकवायला मिळालं की ते नेहमीच खुलत. रंगांचे डबे असतात, ते म्हणाले. एसआरजीबी हा छोटा डबा, मोबाइलवाल्यांचा. ॲडोबी आरजीबी मोठा, त्यात छपाईचे हिरवे-निळे नीट मावतात. मोठ्या डब्यातल्या फोटोवर तशी चिठ्ठी असते. ती गळाली की मोबाइल त्याला छोट्या डब्यातला समजतो, आणि रंग मेल्यासारखे दिसतात.

“मग तुम्ही कोणता डबा वापरता?”

“मोठाच! आयुष्यभर. या चिमुकल्या फोनसाठी मी माझे रंग छाटत नाही.”

“आणि ते राखाडी कार्ड?” वसुधाताईंनी विचारलं.

“ती हिची थेरं. मी कधी कार्ड वापरलं नाही. माझा पांढरा कागद हेच माझं कार्ड. अजून तोच आहे ना गं स्टुडिओत? त्या पांढऱ्याची मी कुणालाही खात्री देईन.”

गंधालीने उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं, तोच वसुधाताईंनी पाण्याचा पेला सांडला. पुसापुशीत तो विषय राहून गेला.

निघताना सर म्हणाले, “काळजी करू नकोस. उत्तरा माझी जुनी क्लायंट. मी तिला सांगतो, कॅटलॉग माझ्या नावाने होऊ दे, फोटो तू काढ. माझा शब्द ती मोडणार नाही.”

“नक्की सांगा, सर,” वसुधाताई म्हणाल्या. “चार वाजता स्टुडिओतच या. नितेश गाडी घेऊन येईल.”

चारला सगळे जमले. सर काठी टेकत येऊन पुढच्या खुर्चीवर बसले. उत्तराबाई उभ्याच होत्या. प्रीतम कोपऱ्यात होता आणि अक्षता दाराशी. वसुधाताईंनी सांगितल्यावरून प्रीतमने मोतिया कपडा उतरवून ठेवला होता.

“मला फोटोतलं काही कळत नाही,” वसुधाताईंनी सुरुवात केली. “म्हणून काम गंधालीच करेल. तो अबोली साडीचा फोटो उघड, मूळ फाइलमधला. आता कार्ड विसरून जा. मागच्या भिंतीवर क्लिक कर, ती पांढरीच आहे असं समजून.”

गंधालीने क्लिक केलं. भिंत झटक्यात पांढरीशुभ्र झाली. मॉडेलचा चेहरा काकडला आणि गजरा निळसर पडला.

“आता मोठ्या डब्यात भर. चिठ्ठी काढून टाक आणि माझ्या फोनवर पाठव.”

वसुधाताईंनी आपला फोन फुटलेल्या फोटोच्या शेजारी धरला. डावा कुठला आणि उजवा कुठला, कुणालाही सांगता आलं नसतं.

“म्हणजे आजार दोन होते, एक नाही,” त्या म्हणाल्या. “निळेपणा वेगळा, मरगळ वेगळी. ग्रुपवर फिरून चिठ्ठी गळू शकते, पण गजरा निळा आणि भिंत पांढरी होत नाही. ते कुणीतरी क्लिक करून केलंय. मुळात क्लिप दिसते, म्हणजे फोटो मूळ फाइलमधून निघाला. उत्तराबाईंकडे मूळ फाइल नाहीत, त्या सुटल्या. राहिला प्रश्न, भिंत पांढरी आहे असं कुणाला वाटलं? प्रीतमने मोतिया कपडा स्वतःच्या हाताने टांगला. अक्षता त्याच्याशी आठवडाभर झटली. आणि गंधाली तर स्वतः कार्ड वापरते.”

“पण मॅडम,” नितेश म्हणाला, “अक्षताने मुद्दाम बिघडवले असले तर? दुसऱ्यावर शेकावं म्हणून?”

“शाबास. मीही तोच विचार केला. पण मुद्दाम खूण ठेवणारा माणूस ती खूण दाखवल्याशिवाय राहतो का रे? हिला घरी बसवलं, चोर ठरवलं, तरी हिने गजऱ्याकडे बोट दाखवलं नाही. खूण ठेवलीच नव्हती, तर दाखवणार काय? हे काम अशा माणसाचं आहे, जो शूटला नव्हता. ज्याच्याकडे मूळ फाइल होत्या. जो कार्ड वापरत नाही आणि मागचा कागद पांढराच असणार यावर डोळे मिटून भरवसा ठेवतो. जो मोठ्या डब्याशिवाय काही बाहेर पाठवत नाही. आणि इतका निळेपणा ज्याला दिसला नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू आहे. डॉक्टरांना विचारा, अशा डोळ्यांना जग पिवळ्या काचेतून बघावं तसं दिसतं. निळं पडलेलं त्याला ठाकठीक वाटतं.”

गंधालीला हे मघाशी क्लिक करतानाच कळलं होतं. हात माऊसवर तसाच होता. मागे वळावं लागेल म्हणून ती स्क्रीनकडेच बघत राहिली. रंग ओळखायला तिला याच माणसाने शिकवलं होतं, आणि चोरीच्या फोटोत त्याचा हात ओळखायला तिला दुसऱ्याची गरज लागली.

काठीचा आवाज आला. सर उठून स्क्रीनजवळ आले, काचेला नाक लावून बघू लागले.

“हा माझा कागद नाही,” ते म्हणाले. “कधी बदललास? मला सांगितलं नाहीस. मी कागदच समजून क्लिक केलं.”

आपण काय बोलून बसलो हे सरांना उशिरा उमगलं.

“का, सर?” गंधालीने आता वळून विचारलं.

“एका ओळखीच्या दलालाला पाठवले, एवढंच. मला त्यातून काही मिळवायचं नव्हतं गं.” ते खुर्चीत बसले. “आधी तू रोज फोन करायचीस. सर, हा दिवा कुठे लावू? सर, हे बरोबर आहे का? मग ते बंद झालं. उत्तरा माझी होती, तुझी झाली. तू फक्त डिस्क आणून द्यायचीस, कपाटात टाकायला. मला वाटलं, थोडं कोसळलं की येईल माझ्याकडे. मी सावरलंच असतं तुला. शब्दसुद्धा टाकणार होतो.”

“आणि ही?” गंधालीने दाराकडे हात केला. “हिचं काय होणार होतं?”

सरांनी अक्षताकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी तिचा विचारच केला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“मी तक्रार करणार,” उत्तराबाई म्हणाल्या. “साठीचा आहे की सत्तरीचा, मला देणंघेणं नाही.”

“गंधाली, तू सांग हिला काहीतरी,” सर म्हणाले. “तू माझ्याविरुद्ध उभी राहणार आहेस?”

गंधालीचं मन भडभडून आलं. या माणसाच्या पाया पडून तिने पहिलं काम सुरू केलं होतं. त्याच्या जागी दुसरं कुणीही असतं तर इतकं दुखलं नसतं.

“साक्ष मी देईन, उत्तराताई,” ती म्हणाली. “नितेश, सरांना घरी सोड. कपाटातली माझी डिस्क तेवढी घेऊन ये.”

सर काहीतरी बोलायला थांबले, पण ती वळली नाही. काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मागोमाग उत्तराबाई आणि प्रीतमही गेले.

गंधाली अक्षतासमोर येऊन उभी राहिली. “चुकलं माझं. उद्यापासून ये.”

“नाही, ताई.”

“तुझं काम माझ्याइतकं कुणाला कळतं? नाव खाली येईल तुझं कॅटलॉगमध्ये. तू म्हणशील तसं करू.”

“कामाचं नाही.” अक्षताने ओढणी सारखी केली. “सरांकडे डिस्क होती, त्यांची सवय तुम्हाला माहीत होती, फोटो तुमच्या डोळ्यांसमोर होते. तरी शेवटपर्यंत तुम्हाला त्यांचं नाव सुचलं नाही. माझं नाव सुचायला आईचा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरला. मी फोन करून सांगितलं होतं, ताई. मीच सांगितलं होतं.”

एवढं बोलून अक्षता वसुधाताईंना नमस्कार करून निघालीसुद्धा.

“थांबवा ना तिला,” गंधाली म्हणाली.

वसुधाताईंनी आपली पिशवी उचलली. “चोर शोधून द्यायचं ठरलं होतं, तो दिला,” त्या म्हणाल्या. “हे माझ्या हातातलं काम नाही.”